कव्हर नसलेली रेकॉर्ड: धुवायची, झाकायची की तशीच ठेवायची?

प्रश्न: आम्ही नागपूरला लक्ष्मीनगरात राहतो. माझे मामा ऐंशीच्या दशकात काही वर्षे न्यूयॉर्कला नोकरीला होते, १९८९ मध्ये कायमचे परत आले. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या दोनेकशे एलपींमध्ये एक वेगळीच रेकॉर्ड निघाली. तिला कव्हर नाही, आतली कागदी पिशवीही नाही. दोन एलपींच्या मध्ये ती नुसतीच उभी होती. एका बाजूला आवाज आहे, दुसरी बाजू सपाट आणि तिच्यावर गोल फिरत गेलेली इंग्रजी अक्षरे: ख्रिश्चन मार्क्ले, 'रेकॉर्ड विदाउट अ कव्हर', १९८५. घरच्या जुन्या चेंजरवर (रेकॉर्डी आपोआप एकामागून एक लावणाऱ्या मशीनवर) लावली तर सुरुवातीला बराच वेळ खरखरच ऐकू येते. आमचे जावई म्हणतात, साबणाने धुऊन चांगल्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालू. मुंबईचे एक गृहस्थ विकत घ्यायला तयार आहेत, पण ओरखडे फार म्हणून भाव पाडताहेत. रेकॉर्ड खराब झाली आहे का? तिचे काय करावे?

उत्तर: ताई, आधी दोन गोष्टी. ती धुऊ नका, आणि त्या चेंजरवर पुन्हा लावू नका. बाकीचे सगळे सावकाश ठरवता येईल, या दोन गोष्टी मात्र आजपासून पाळा.

रेकॉर्ड खराब झालेली नाही. ती जशी व्हावी म्हणून काढली होती, तशीच ती झाली आहे. सपाट बाजूवरची सगळी अक्षरे नीट वाचा. हलक्या हाताने फिरवत, टॉर्च तिरका धरून वाचलीत तर त्यात एक सूचना सापडेल: ही रेकॉर्ड संरक्षक वेष्टनात ठेवू नये. म्हणजे तुमच्या मामांनी कव्हर हरवले नव्हते. कव्हर कधी नव्हतेच. दुकानात ती तशीच उघडी विकली गेली, आणि मामांनी न्यूयॉर्कपासून नागपूरपर्यंत, पुढे इतकी वर्षे, ती सूचना पाळली. नागपुरात लोकांचे संग्रह लावून देताना मी हौशी माणसे पुष्कळ पाहिली, पण दोनशे एलपी कव्हरात जपणारा माणूस एकच एलपी विचारपूर्वक उघडी ठेवतो, हे मला फार मोठे वाटते. मामांना आपण काय घेतले आहे हे पक्के ठाऊक होते.

मार्क्लेबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे पटणार नाही. जन्म १९५५चा, कॅलिफोर्नियातला; बालपण जिनिव्हात गेले. पुढे बॉस्टनला कलाशिक्षण घेत असताना, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, त्याला रस्त्यावर गाड्यांखाली आलेली लहान मुलांच्या गोष्टीची एक रेकॉर्ड सापडली. त्याने ती घरी नेऊन लावली. सुई उडत होती, अडकत होती, तेच तुकडे पुन्हा पुन्हा येत होते, आणि त्या अडखळण्यातच त्याला संगीत ऐकू आले. तिथून पुढे रेकॉर्ड प्लेअर हेच त्याचे वाद्य झाले. एका वेळी अनेक टर्नटेबल मांडून तो जुन्या बाजारातल्या रेकॉर्डी एकमेकींवर वाजवायचा. रेकॉर्डी कापायचा, वेगवेगळ्या रेकॉर्डींचे तुकडे चिकटवून एक तबकडी करायचा आणि तीही वाजवायचा. टर्नटेबल पट्ट्याने खांद्याला अडकवून गिटारसारखा वाजवतानाचे त्याचे फोटो आहेत. पुढे २०११ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात 'द क्लॉक' या २४ तासांच्या चित्रफितीसाठी त्याला गोल्डन लायन हा पुरस्कार मिळाला.

रेकॉर्डीची मोडतोड करून संगीत काढणारा तो पहिला नाही. अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९३९ मध्येच बदलत्या वेगाचे टर्नटेबल आणि चाचणीसाठीच्या रेकॉर्डी घेऊन एक रचना केली होती. प्रागमध्ये मिलान क्निझाक हा चेक कलावंत साठच्या दशकात रेकॉर्डी खरवडत, जाळत, चिकटवत होता. पण या सगळ्यांत मोडतोड कलावंताच्या हातची असायची. मार्क्लेने १९८५ मध्ये जे केले ते वेगळे आहे. त्याने रचनेचा उरलेला भाग दुकानदाराच्या, टपालवाल्याच्या आणि तुमच्या मामांच्या हाती सोपवला. मूळ ध्वनिमुद्रण सुरू होते तेच अगदी हलक्या खरखरीने, रिकाम्या खाचेत सुई फिरल्यासारखे. त्यातून हळूहळू इतर रेकॉर्डींचे तुकडे वर येतात. त्यावर तुमच्या प्रतीचे स्वतःचे ओरखडे बसतात. मुद्रित खरखर कुठे संपते आणि खरी कुठे सुरू होते, हे ऐकणाऱ्याला सांगता येऊ नये, अशी ती बेतलेली आहे.

त्यामुळे संग्राहक वापरतात तो 'लिमिटेड एडिशन' हा शब्द इथे नेहमीच्या अर्थाने लावू नका. नेहमीचा अर्थ म्हणजे ३०० किंवा ५०० प्रती, हाताने घातलेला क्रमांक, रंगीत व्हिनाइल. क्रमांक सोडला तर त्या सगळ्या प्रती सारख्याच असतात. मार्क्लेने १९८९ मध्ये झुरिकच्या शेडहाले या कलाकेंद्रात सुमारे ३,५०० रेकॉर्डी जमिनीवर अंथरल्या. त्यांवर पावलांचे आणि टॅप नाचाचे आवाज मुद्रित केलेले होते. प्रदर्शन पाहायला आलेली माणसे त्यांच्यावरून चालली, आणि मग त्यातल्या सुमारे १,००० रेकॉर्डी खोक्यांत भरून विकल्या. 'फूटस्टेप्स' हे त्या कलाकृतीचे नाव. आवृत्ती हजाराची आणि हजारही प्रती निराळ्या. तुमची रेकॉर्ड त्याच कुळातली, चार वर्षे आधीची. कारखान्यातून निघाल्या त्या दिवशी तिच्या सगळ्या प्रती एकसारख्या होत्या. आज तुमच्याकडे आहे ती जगात एकच आहे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो: जी खरखर ऐकू आली त्यातली मार्क्लेची किती आणि लक्ष्मीनगरची किती? हे बऱ्याच अंशी ओळखता येते आणि ओळखण्यात मोठी मजा आहे.

३३⅓ च्या वेगाने, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे, तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. आडवा ओरखडा असेल तर सुई दर फेऱ्याला तो एकदा ओलांडते, म्हणून 'टक' असा आवाज दर १.८ सेकंदांनी येतो. टर्नटेबलच्या थाळीच्या कडेला, रेकॉर्डला कुठेही न लावता, कागदी टेपचा छोटा तुकडा चिकटवा. रेकॉर्ड थाळीबरोबरच फिरते, त्यामुळे हा तुकडा घड्याळाच्या काट्यासारखा उपयोगी पडतो. आता ऐका आणि बघा. 'टक' झाला तेव्हा तुकडा समजा दाराकडे होता. पुढच्या फेऱ्यालाही तो दाराकडे असतानाच 'टक' झाला, त्यापुढच्यालाही झाला, तर तो ओरखडा तुमच्या प्रतीवरचा, खरा. 'टक' नियमित येतोय पण तुकड्याची जागा हळूहळू सरकतेय, आधी दाराकडे, मग खिडकीकडे, तर तो आवाज मुद्रणातला आहे. मार्क्लेने तेव्हा वाजवलेल्या कुठल्यातरी रेकॉर्डचा तो ओरखडा. त्याच्या मशीनचा वेग आणि तुमच्या मशीनचा वेग तंतोतंत जुळत नाही, म्हणून जागा सरकते. 'टक' झपाझप, सेकंदाच्या पाऊण भागाने येत असेल तर मूळ रेकॉर्ड ७८ च्या वेगाची असण्याची शक्यता आहे, कारण ७८ चा फेरा साधारण ०.७७ सेकंदाचा. ४५ चा फेरा १.३३ सेकंदांचा.

कानाने झाल्यावर डोळ्यांनी पाहा. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च रेकॉर्डच्या पातळीला जवळजवळ आडवा धरा. शेल्फमधून काढता-घालताना शेजारच्या कव्हरांना घासून पडलेल्या रेषा सरळ, बारीक आणि एकाच दिशेच्या असतात. तुमच्या रेकॉर्डवर त्याच जास्त असाव्यात असा माझा अंदाज आहे. त्या मामांनी ती वेळोवेळी काढून ऐकल्याच्या खुणा. झिजलेल्या किंवा जड सुईने झालेले नुकसान वेगळे दिसते: खाचा करड्या, निस्तेज दिसतात आणि मोठा आवाज फाटतो. बोटांचे ठसे आणि धूळ कुठल्याही दिशेला असतात. पांढुरके गोल ठिपके दिसले तर ती बुरशी. ती तेवढी मला कळवा.

धुऊ नका म्हणालो त्याचे कारण आता सांगतो. ओरखडा पाण्याने जात नाही, त्यामुळे धुण्याने तुम्हाला हवा तो फायदाही होणार नाही. उलट ओल्या फडक्याखाली रेतीचे कण रगडले जातात आणि सगळ्या पृष्ठभागावर एकसारखे नवे ओरखडे पडतात. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार खाचेत वाळून बसतात, साबणाचा थर राहतो, आणि मग सुई ते सगळे पुढे ढकलत नेते. ही धूळसुद्धा मार्क्लेने नाकारलेली नाही, हा त्याहून मोठा मुद्दा. मोकळी धूळ मऊ, कोरड्या ब्रशने फिरत्या तबकडीवर हलकेच उचला, कारण ती सुईला त्रास देते. त्यापलीकडे काही करू नका. बुरशी असेल तरच डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही आधी ध्वनिमुद्रण करून ठेवल्यावर.

मामांच्या बाकीच्या एलपींची गोष्ट उलटी आहे. वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, जे काही असेल ते जरूर धुवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटोच्या डार्करूममध्ये वापरतात ते वेटिंग एजंट (पाणी सारखे पसरवणारे द्रव्य) दोन-चार थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडे ठेवायचे, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा, आणि सावलीत उभ्या वाळवायच्या. त्यांत ७८ च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डी असतील तर स्पिरिटचा थेंबही लावू नका, लाख त्यात विरघळते. खोबरेल तेल लावून रेकॉर्ड 'चमकवण्याची' पद्धत अजून काही घरांत आहे, तीही कृपा करून नको. तेलाने धूळ कायमची चिकटते.

संग्रह चाळताना आणखी एक पाहा. न्यूयॉर्कला ऐंशीच्या दशकात राहिलेल्या आणि मार्क्ले विकत घेणाऱ्या माणसाकडे पांढऱ्या साध्या कव्हरवर हाताने रंगवलेली, स्केचपेनने लिहिलेली एखादी रेकॉर्ड असू शकते. जॅझ संगीतकार सन रा (१९१४-१९९३) आणि त्याची मंडळी त्यांच्या सॅटर्न लेबलच्या रेकॉर्डी अशा घरगुती कव्हरांत कार्यक्रमांच्या ठिकाणी विकत असत. काहींच्या फारच थोड्या प्रती निघाल्या. आपण शनी ग्रहावरून आलो आहोत, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. असले कव्हर कुणाच्या पोराने गिरगिटलेले वाटते आणि रद्दीत जाते. तसे काही निघाले तर बाजूला काढून ठेवा.

आता कव्हरचा प्रश्न. इथे संग्राहकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, वस्तू दुर्मीळ झाली, आता ती जपायलाच हवी, कलावंताची सूचना त्या काळापुरती होती. दुसरा म्हणतो, सूचना हाच रचनेचा भाग आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि हे मी ठामपणे सांगतो. ही रेकॉर्ड कव्हरात गेली की त्या दिवशी ती संपली. तिच्यात पुढे काही घडणार नाही. मग उरते ती १९८५ च्या एका ध्वनिमुद्रणाची घासलेली प्रत. मामांनी इतकी वर्षे चालू ठेवलेले काम आपण थांबवायचे का, एवढाच खरा प्रश्न आहे.

पण न जपणे आणि मुद्दाम बिघडवणे यात फरक करा. कुणी हौसेने तिच्यावर सँडपेपर फिरवला किंवा पोरांना खेळायला दिली, तर ते मार्क्लेच्या कल्पनेशी प्रामाणिक नाही. रोजच्या वापरात जे होईल ते होऊ द्यायचे, एवढेच त्याने मागितले आहे. मामांची पद्धत मला उत्तम वाटते: दोन साध्या पुठ्ठ्याच्या कव्हरांच्या मध्ये, उभी, सरळ. तिरकी टेकवून ठेवू नका, कालांतराने ती वाकते. आणि आडव्या गठ्ठ्यात सगळ्यांच्या खाली तर अजिबात नको.

जावयांच्या प्लास्टिकच्या कव्हरला माझा तांत्रिक विरोधही आहे, आणि तो सगळ्याच रेकॉर्डींसाठी आहे. बाजारात मिळणारी जाड, चकचकीत, मऊ कव्हरे बहुतेक पीव्हीसीची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यांत जे द्रव्य मिसळतात ते उष्णतेने सुटते आणि रेकॉर्डवर धुक्यासारखा थर देते. रेकॉर्डही पीव्हीसीचीच असल्याने तो थर तिच्यात भिनतो आणि पुसून जात नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे थंड गावापेक्षा लवकर होते. बाकीच्या एलपींना आतून पातळ पॉलिथिनची पिशवी आणि बाहेर त्यांचे मूळ पुठ्ठ्याचे कव्हर, एवढे पुरे.

नागपूरच्या उन्हाबद्दल मात्र मी तडजोड करत नाही. ओरखडे हे या रेकॉर्डचे संगीत आहे. वाकलेली तबकडी हे संगीत नाही, कारण मग सुईच टिकत नाही आणि ओरखडेही ऐकू येत नाहीत. रेकॉर्डचे व्हिनाइल साधारण ६० अंशांच्या पुढे नरम पडू लागते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५-४६ असते, बंद गाडीत काच लावून ६० सहज ओलांडते. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालचा माळा, पश्चिमेची भिंत, टिनाचे छप्पर असलेली खोली, टीव्ही किंवा अॅम्प्लिफायरची वरची बाजू, या जागा सगळ्याच एलपींसाठी बाद समजा. तळमजल्यावरची, उत्तर किंवा पूर्वेची आतली भिंत निवडा, जमिनीपासून वीतभर वर.

कूलरचेही तसेच. वाळ्याच्या किंवा गवताच्या टट्ट्यांचा कूलर खोलीत ओल आणतो आणि त्याच्या झोतात पाण्याचे बारीक तुषार असतात. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार त्या तुषारांबरोबर थेट खाचेत जातात. शिवाय मे महिनाभर ओल, मग जूनपासून पावसाची ओल, मधे हवा कोरडी होतच नाही, आणि कव्हरांच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते. रेकॉर्डींचे शेल्फ कूलरच्या सरळ रेषेत नसावे. तुमची ही रेकॉर्ड उघडी आहे, तेव्हा तिच्यासाठी हे दुप्पट लागू. कूलर चालू असताना ती ऐकूही नका. सुरुवातीची ती हलकी खरखर त्या घरघरीत पूर्ण बुडते. हिवाळ्यातली सकाळ सगळ्यात चांगली.

समजा आताच थोडी वाकलेली आहे, सुई वर-खाली होते पण उडत नाही, तर सोडून द्या. उडत असेल तर दोन जाड, सपाट काचांमध्ये ठेवून वर पुस्तकांचे वजन ठेवायचे आणि काही आठवडे विसरून जायचे. उन्हात ठेवून किंवा ओव्हनमध्ये सरळ करण्याचे सल्ले ऐकू नका, त्यात खाचेचा आकार बदलतो.

चेंजर का नको ते आता. जुन्या घरगुती चेंजरचे सिरॅमिक पिकअप (सुई बसवलेला, आवाज टिपणारा भाग) सुईवर पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भार टाकते. आजच्या चांगल्या पिकअपला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. त्यात बहुतेक जुन्या पिकअपमध्ये दोन सुया असतात, कळ फिरवून एक एलपीची, एक ७८ ची. एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ची साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनची. कळ चुकून ७८ वर राहिली असेल तर ती जाड सुई खाचेच्या काठांवरून घसरत जाते, आणि नुसती खरखर ऐकू येण्याचे ते एक कारण असू शकते. कळ आधी तपासा. सुई नीलमणी असेल तर ती हिऱ्यापेक्षा फार लवकर झिजते, आणि इतकी वर्षे कुणी बदललेली नसणार. बारीक भिंगातून टोक पाहिले तर चपटे झालेले दिसेल. हे सगळे नुकसान मार्क्लेच्या हिशेबातले म्हणता येईल का? मला नाही वाटत. ओरखडा एखाद्या क्षणी पडतो आणि ऐकू येतो. जड, झिजलेली सुई मात्र सगळ्या खाचा सारख्याच पुसत जाते, आणि काही वर्षांनी त्याखाली ऐकण्यासारखे काही उरत नाही.

तेव्हा मॅन्युअल टर्नटेबल, शंकूच्या आकाराची साधी हिऱ्याची सुई, भार दोन ग्रॅमच्या आसपास. भार मोजायचे छोटे डिजिटल काटे स्वस्त मिळतात, एक घेऊन ठेवा. महागडी, बारीक टोकाची सुई या रेकॉर्डवर चालवू नका. ती ओरखड्यांच्या तळाशी जाते आणि तिचेच टोक खराब व्हायचा धोका असतो. सुरुवात हळू आहे म्हणून आवाज वाढवू नका. पहिला मोठा 'टक' स्पीकरला जोरात बसेल.

आणि सुई एखाद्या जागी अडकली तर लगेच धक्का देऊ नका. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने मुद्दाम बंद खाच (पुढे न सरकता स्वतःलाच मिळणारी) कापून, तोच तुकडा फिरत ठेवून रचना केल्या. तो तुकडा पहिल्यांदा काय होता आणि दहाव्या फेऱ्याला काय वाटायला लागतो, हे ऐकत राहा. आगगाडीची शिट्टी असेल तर ती शिट्टी राहत नाही, स्वर होते. तुमच्या रेकॉर्डवर कुठे अडकायचे हे कुणी ठरवलेले नाही, म्हणून ते ऐकण्यासारखे आहे. काही फेरे झाल्यावर लिव्हरने सुई उचला आणि पुढे ठेवा. अडकलेली जागा वहीत लिहा.

ध्वनिमुद्रण लवकर करून घ्या. संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. मुद्रणाची पातळी बरीच खाली ठेवा, कारण ओरखड्यांचे आवाज संगीतापेक्षा कितीतरी मोठे येतात आणि पातळी वर असेल तर ते छाटले जातात. सॉफ्टवेअरमध्ये 'क्लिक काढा' अशी सोय असते, ती बंद. कुठलाही आवाज 'स्वच्छ' करायचा नाही. फाइलच्या नावात तारीख, मशीन, सुई आणि भार लिहा. मग पाच-सात वर्षांनी त्याच मशीनवर पुन्हा मुद्रण करा आणि दोन्ही फाइली एकत्र ऐका. मधल्या काळात घरात काय काय झाले ते त्यांत ऐकू येईल. माझ्या माहितीतल्या कुठल्याही दुसऱ्या रेकॉर्डबाबत हा सल्ला मी देणार नाही.

राहिला भावाचा प्रश्न. आधी प्रत कोणती ते पक्के करा. १९८५ ची मूळ आवृत्ती रिसायकल्ड रेकॉर्ड्स या नावाने निघाली. १९९९ मध्ये जपानच्या लोकस सोलस लेबलने ती पुन्हा काढली. मामा १९८९ मध्ये परतले आणि रेकॉर्ड त्यांनीच तिथून आणली असेल, तर ती मूळच असणार, तरी अक्षरांत लेबलचे नाव वाचून खात्री करा. मामांची त्या काळातली पावती, पत्र, डायरीत नोंद, काही मिळाले तर ते रेकॉर्डइतकेच जपून ठेवा. ते मात्र वेष्टनात ठेवायला हरकत नाही.

मुंबईच्या गृहस्थांना स्पष्ट सांगा की नेहमीची प्रतवारी इथे चालत नाही. नेहमी ओरखडा म्हणजे उणा भाव. इथे बिनओरखड्याची प्रत म्हणजे कुणीतरी सूचना मोडून ती झाकून ठेवली होती. तशा प्रतीला कुणी जास्त पैसे देतही असेल, तो त्याचा प्रश्न. ओरखडे दाखवून जो भाव पाडतो त्याला एकतर रेकॉर्ड ठाऊक नाही किंवा चांगलीच ठाऊक आहे. किंमत बघायचीच तर लोक काय मागतात ते बघू नका. प्रत्यक्ष विकल्या गेल्याच्या नोंदी बघा, आणि त्यांतही मूळ आवृत्ती वेगळी काढा.

माझे मत विचाराल तर विकू नका, निदान घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून ती पूर्ण ऐकेपर्यंत तरी नाही. विकायचेच ठरले तर एप्रिल ते जून पाठवू नका, कुरिअरच्या गाडीतली उष्णता तिला सोसणार नाही. प्रवासापुरते वेष्टन चालते, सूचना ठेवण्याबद्दल आहे. रेकॉर्डपेक्षा दोन बोटे मोठे कडक पुठ्ठे दोन्ही बाजूंनी, मध्ये साधा बिनछापील कागद, आणि बबल रॅप त्या पुठ्ठ्यांच्या बाहेरून. बबल रॅप थेट व्हिनाइलला लागला आणि ऊन लागले तर त्याचे गोल वण उमटतात. आत एक चिठ्ठी टाका की पोहोचल्यावर हे सगळे काढून टाकावे.